इंदूबाईची वळणं

बातमी आली तेव्हा मी ब्रह्मपुरीच्या बसस्थानकावर मूल गावाला जाणाऱ्या गाडीची वाट पाहत उभा होतो. निघालो होतो तिच्याकडेच. पिशवीत सीताफळं होती, तिनंच फोनवर मागितलेली. भाऊजींचा, म्हणजे माझ्या बहिणीच्या यजमानांचा फोन आला. ते फोनवर फार बोलत नाहीत. "निघाला का दिवाकर?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "निघून राह्यलो." ते म्हणाले, "सावकाश ये... आता घाई नाई." मला ते वाक्य लगेच कळलं नाही. तेवढ्यात बस लागली, लोक चढले, मीही चढलो, खिडकीजवळ बसलो. बाहेर धान पिवळं पडत आलं होतं. कंडक्टरनं विचारलं, कुठं जायचं? मी म्हणालो, "बाईकडे." तो हळूच म्हणाला, "गावाचं नाव सांगा ना काका." तेव्हा कुठं मला तिचं गाव, गोंडपिपरी, आठवलं, आणि भाऊजींचं वाक्यही कळलं.

आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. ती इंदूबाई, पण मला नुसती बाई. तिला जाऊन महिना होत आला. लोक भेटायला येतात, ती कशानं गेली ते विचारतात, सांगून होतं. ती कशी होती हे मात्र कुणाला सांगायला गेलो की अडखळायला होतं, कारण माझ्या बहिणीनं पन्नाशी उलटल्यावर शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी चालवायला शिकून घेतलं, आणि ती हौशी लोकांच्या शर्यतीत उतरली, हे ऐकताच समोरचा माणूस हसतो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. म्हणून हे लिहायला बसलो.

बाई टेलिफोन खात्यात होती. ट्रंक कॉल जोडून देण्याचे दिवस होते तेव्हापासून. सिरोंच्याला बदली झाली तेव्हा तिथं तेलुगू शिकली, आणि घरी आली की मला त्या भाषेत दटावायची. स्वभावानं घाईची. चहा उकळता प्यायची, जिने धावत चढायची, कुणी बोलत असलं की त्याचं वाक्य आपणच पुरं करायची. भाऊजींचं बियाण्यांचं दुकान. त्यासाठी त्यांनी जुनी पांढरी गाडी घेतली आणि चालवायला लागली बाई. भाऊजी शेजारी बसून वरचा दांडा धरून ठेवायचे. मला तिची ती घाई आवडायची. लहानपणी सायकलवर मला मागं बसवून ती बांधावरून अशी न्यायची की दोन्ही बाजूंचं धान एकाच हिरव्या रंगाचं होऊन जायचं...

मग तो रस्ता आला. मूलच्या एका लग्नाहून आम्ही दोघंच गोंडपिपरीला परतत होतो. ऊन कलतं होतं, जंगलात तिरपे पट्टे पडले होते आणि गाडी त्या पट्ट्यांतून उजेड-सावली, उजेड-सावली अशी चालली होती. मी अर्धवट झोपेत होतो. एकाएकी रस्त्यावर रोही, म्हणजे नीलगायीचा नर, उभा होता. मोठा, निळसर करडा, मान वळवून आमच्याकडे पाहणारा. बाईनं ब्रेक दाबला, चाक फिरवलं, टायर किंचाळले. रोही एका उडीत निघून गेला. आणि त्यानंतर, तो निघून गेल्यावर, आमची गाडी रस्ता सोडून ऐनाच्या झाडावर गेली. माझ्या बाजूनं. डाव्या पायात सळई बसली आणि काठी कायमची आली. बाईला ओरखडासुद्धा नव्हता.

नागपूरच्या दवाखान्यात ती रोज माझ्या खाटेजवळ बसायची. बोलायची नाही. घाई तिच्या अंगातून कुणी उपसून काढावी तशी निघून गेली होती. मी तिला दोष दिला नव्हता, आणि तिनं माफी मागितली नव्हती. आम्हा दोघांनाही त्या शब्दांचं काय करायचं ते कळलं नसतं. पुढं मी ब्रह्मपुरीला माझ्या औषधांच्या दुकानात परत बसू लागलो तेव्हा ती मला भेटायला एसटीनं यायची, मूलला गाडी बदलून. दुरुस्त झालेली पांढरी गाडी ताडपत्रीखाली उभी होती. एकदा दुपारी दुकानात कुणी नव्हतं. ती बाकावर बसली होती. म्हणाली, "दिवाकर, एक विचारू? तेव्हा मी रोह्याकडं पाहून राह्यली होती, का झाडाकडं?"

मी म्हणालो, "मले काय माहीत बाई. मी तर तुह्याकडं पाहून राह्यलो होतो."

ती म्हणाली, "मले समजून घ्याचं आहे. रोही तर निघून गेला होता. मंग गाडी काऊन गेली?"

तिला क्षमा नको होती. तिला कारण हवं होतं. आयुष्यभर तारा जोडणाऱ्या बाईला कुठली तार कुठं तुटली ते शोधल्याशिवाय झोप लागणार नव्हती. ती मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ पाहू लागली. ब्रेक कसा लागतो, वजन पुढं कसं येतं, टायर रस्ता कसा धरतो. भाऊजींना वाटलं, मन रमवतेय. त्यातूनच तिला चेन्नईकडच्या एका ट्रॅकचा पत्ता लागला. तिथं शर्यती होत, आणि एरवी साध्या माणसांनाही शिकवत, गाडी त्यांचीच. तिनं नाव दिलं आणि मला म्हणाली, "येशील?"

आम्ही बल्लारशाहहून दक्षिणेकडं जाणारी गाडी धरली. भाऊजी सोडायला आले होते. त्यांनी चिवड्याचा डबा दिला आणि "जाऊन या" म्हणाले, जणू आम्ही देवदर्शनाला निघालो होतो. त्या प्रवासाची मला आजही स्वप्नं पडतात. जंगल मागं पडलं, खडकांचे डोंगर आले, ताडाची झाडं आली, आणि बाई खिडकीशी बसून रुळांची वळणं पाहत होती. आपली गाडी वळली की पुढचं इंजिन दिसायचं, आणि ती लहान मुलीसारखी बोट दाखवायची.

ट्रॅकवर सगळी तरुण पोरं होती. हेल्मेट बगलेत धरून आलेली. त्यांनी बाईला कुणाची तरी आई समजून खुर्ची दिली. शिकवणारे मास्टर नेल्लूरकडचे, केस पांढरे झालेले, आवाज मऊ. त्यांनी प्रत्येकाला विचारलं, कशासाठी आलात? कुणी वेग म्हणालं, कुणी शर्यत म्हणालं. बाईनं तेलुगूत सांगितलं, "मला ब्रेक मारता येत नाही, ते शिकायला आले." पोरं हसली. मास्टर हसले नाहीत. त्यांनी तिला पहिल्या दिवशी ट्रॅकवर सोडलंच नाही. एका सरळ, रुंद पट्टीवर नेलं आणि नुसता ब्रेक मारायला लावला. वेग घ्यायचा, दाबायचा, थांबायचं. पुन्हा. मी कुंपणाशी काठी टेकून उभा होतो. उन्हानं डांबर पाण्यासारखं हलत होतं आणि त्या पाण्यातून एक छोटी लाल गाडी यायची, नाक खाली करायची, थांबायची... पुन्हा मागं जायची.

दुपारी मास्टरांनी तिला दाखवलं ते असं. ब्रेक पूर्ण दाबला की चाकं जाम होतात, आणि घसरणारं चाक वळत नाही. स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. पण त्या क्षणी तुम्ही ब्रेक एकदम सोडलात, तर जाम झालेलं चाक पुन्हा फिरू लागतं, रस्ता पकडतं, आणि तुम्ही आधी जिकडं फिरवून ठेवलं होतं तिकडं गाडी झेप घेते. बाईनं ते स्वतः करून पाहिलं. मोकळ्या पट्टीवर गाडी आधी सरळ घसरत गेली आणि मग बाजूला अशी उडाली की मी कुंपणाची जाळी घट्ट धरली. धूळ खाली बसली. बाई गाडीतून उतरली आणि हेल्मेट न काढताच माझ्याकडं चालत आली. काचेमागं तिचे डोळे भरून आले होते.

"दिवाकर," ती म्हणाली, "रोही गेला आणि मी ब्रेक सोडला रे. सुटलो वाटलं म्हणून सोडला. चाक तर वळूनच होतं."

जाळीच्या अलीकडून मी तिचा हात धरला. दवाखान्यात जे बोललो नव्हतो ते तिथंही बोललो नाही. पण तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी उतरलं, हे मला दिसलं. कारण सापडलं होतं. तिथूनच परत फिरली असती तरी चाललं असतं. ती परत फिरली नाही. तिला आता ब्रेक सोडायला शिकायचं होतं.

त्यानंतरचे हिवाळे माझ्या आठवणीत एकमेकांत मिसळून गेले आहेत. बाईनं नोकरीतून निवृत्ती घेतली होती. नागभीडजवळ आमच्या ओळखीच्यांची एक बंद पडलेली राईस मिल होती; तिचं सिमेंटचं आवार मोठं, धान वाळवायचं. पांढरी गाडी ताडपत्रीखालून निघाली आणि तिथं येऊ लागली. मी ब्रह्मपुरीहून जायचो. वळणं मांडायला आम्ही तणसाच्या, धानाच्या वाळल्या काड्यांच्या, पेंढ्या वापरायचो. मी पळसाखाली खुर्ची टाकून बसायचो आणि ती म्हणेल तशी काठीनं पेंढी सरकवायचो. चाक पेंढीला लागलं की तणस उडायचं, उन्हात सोनेरी होऊन तरंगत राहायचं, गाडी पुढं निघून गेल्यावरही. सरळ असताना जोरात दाबायचं, मग वळताना पाय हळूहळू उचलायचा, पुढच्या चाकांवरचं वजन एकदम जाऊ द्यायचं नाही. मी एकदा विचारलं, म्हणजे नेमकं कसं? ती म्हणाली, "आई डोक्यावर पाण्याची भरली गुंडी घेऊन विहिरीहून वळायची, पाह्यलं होतं ना? मान नाई वळवायची. अख्खी वळायची. पाणी हलत नव्हतं."

आणि डोळे. मास्टर तिला ट्रॅकवर सारखे तेच सांगायचे, "अक्कड चूडू अक्का", तिकडे बघ ताई. ज्याची भीती वाटते त्याच्याकडं माणूस पाहत राहतो आणि हात आपोआप तिकडंच नेतात. म्हणून वळणाच्या पार, जिथं निघायचंय तिथं पाहायचं. बाईला हे सर्वांत जड गेलं. पेंढी जवळ आली की तिची नजर पेंढीवर. कितीतरी दिवस तणस उडत राहिलं. मग एका सकाळी धुकं होतं, मिलचं छप्परही नीट दिसत नव्हतं. ती धुक्यातून आली, सगळ्या पेंढ्यांमधून वळली आणि गेली. एकही काडी हलली नाही. टायरचा आवाजसुद्धा आला नाही. मला वाटलं, मीच डोळे मिटले होते की काय. ती थांबली, काच खाली केली आणि बसून राहिली. मीही बसून राहिलो. धुकं विरलं तेव्हा आम्हा दोघांच्याही अंगावर दव होतं.

त्या सगळ्या दिवसांत मी तिच्या गाडीत बसलो नाही. तिनं बस म्हटलं नाही, मीही विषय काढला नाही. नागभीडला मी एसटीनं जायचो, एसटीनं परतायचो. मला तिचा राग नव्हता. पाय गाडीजवळ गेला की थबकायचा, इतकंच. तिला ते ठाऊक होतं.

मग ती शर्यत. नवशिक्यांची, सगळ्या गाड्या सारख्या, सगळी पोरं आणि एक माझी बहीण. गाड्या सुटल्या तेव्हा ती बरीच मागं होती, आणि तिला पुढं जायची घाई नव्हती. मी पूर्वीच्याच कुंपणाशी उभा होतो. माझ्यासमोरच एक मोठं उजवं वळण होतं, त्याच्या पार गाड्या एकामागून एक दिसेनाशा व्हायच्या आणि नुसता आवाज उरायचा. शर्यत निम्म्यावर आली असताना त्याच वळणात बाईच्या पुढच्या गाडीनं गिरकी घेतली. ती आडवी झाली, नेमकी रस्त्याच्या मधोमध, आणि आतला मुलगा काचेतून येणाऱ्या गाडीकडं पाहत होता. मला तो दिसला. मान वळवून पाहणारा... मी डोळे मिटायला हवे होते, पण मिटले नाहीत. बाईच्या गाडीचं नाक खाली झुकलं, मग हळूहळू वर आलं, पाणी न हिंदकळता. आडव्या गाडीच्या मागच्या बाजूला जेमतेम एक फट होती. गाडी त्या फटीतून गेली आणि पुढच्या सरळ रस्त्याला लागली. ती शेवटून दुसरी आली. शेवटचा म्हणजे तो आडवा झालेला मुलगा, कारण त्याची गाडी सुरूच झाली नाही.

ती उतरली तेव्हा मी विचारलं, "भेव लागलं?"

"लागलं ना," ती म्हणाली. "पण मी त्याच्याकडं पाह्यलंच नाई. मागच्या मोकळ्या जाग्याकडं पाह्यलं."

परतताना बल्लारशाहला भाऊजी पांढरी गाडी घेऊन आले होते. मी तिथून एसटीनं जायचं, असं नेहमीसारखं ठरलेलं. भाऊजींनी किल्ली बाईच्या हातात दिली आणि ते सवयीनं पुढचं दार उघडायला गेले. मी म्हणालो, "भाऊजी, तुम्ही आज मागं बसता का?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग बाईकडं, आणि मागं जाऊन बसले. मी काठी आत घेतली, पाय हातानं उचलून आत ठेवला, दार लावून घेतलं. बाईनं गाडी सुरू करायला जरा वेळ लावला. कोठारी सोडल्यावर जंगल लागलं. मोहाची फुलं पडायचे दिवस होते, उघड्या काचेतून तो गोड, जड वास येत होता. पुढं रस्त्याच्या कडेला चितळांचा कळप दिसला. बाईनं वेग कधी कमी केला ते मला कळलंच नाही. चितळं रस्ता ओलांडून गेली, सगळ्यात मागचं पाडसही गेलं, आणि आम्ही पुन्हा चालू लागलो. मागून भाऊजी म्हणाले, "दिवाकर झोपला वाटते." मी झोपलो नव्हतो, पण डोळे मिटलेले होते, आणि त्या गाडीत मला डोळे मिटून बसता येत होतं.

पुढं तिच्याकडं जीपवाले शिकायला येऊ लागले. आपोआप नाही, तिनंच अड्ड्यावर जाऊन एकेकाला गाठलं होतं. सुरुवातीला ते लाजायचे. बंडू मडावी नावाचा एक चालक गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावांतून माणसं आणायचा, जीप नेहमी भरलेली. तो तिला म्हणाला होता, "बाई, आमाले शर्यत नाई खेळाची." बाई म्हणाली, "मलेही नाई खेळाची. तू एकडाव मिलवर ये." तो आला, आणि येतच राहिला. तेरवीच्या दिवशी तो जीप रस्त्याच्या कडेला नीट लावून आत आला, माझ्याजवळ खाली बसला. बराच वेळ पत्रावळीचा काठ दुमडत राहिला. मग म्हणाला, "भाऊ, पावसाळ्यात नाल्याच्या वळणावर म्हैस आडवी आली होती. चवदा-पंधरा माणसं होती गाडीत. कोणाले समजलंबी नाई." एवढं सांगून तो उठला आणि वाढायला लागला.

शेवटचं वर्ष बाईचं अंथरुणात गेलं. यकृताचं दुखणं. नागपूरला नेऊन आणलं, मग तीच म्हणाली, आता पुरे. मागच्या खोलीत, खिडकीजवळ लोखंडी पलंग टाकला होता. दुपारी भाऊजी पडदा ओढून घ्यायचे, खोलीत हिरवट अंधार व्हायचा. मी गेलो की शेजारी बसायचो. एकदा मला वाटलं ती झोपली आहे, पण तिचे हात पांघरुणावर जरा जरा हलत होते. मी विचारलं, काय करून राह्यली? डोळे न उघडता ती म्हणाली, "ट्रॅकवर आहो मी. चल, बस." मग ती मला घेऊन निघाली. हलक्या आवाजात एकेक वळण सांगत जायची. आता डावं, इथं थोडा उतार आहे, इथं कडेला गवत आहे, आता ते मोठं उजवं. मध्येच थकायची, आवाज बंद व्हायचा, पण हात चालू असायचे, आणि मला कळायचं की आपण अजून जातोय. अशा कितीतरी दुपारी आम्ही फिरलो. औषधं, लघवीचं भांडं, भिंतीवरची पाल, सगळं लांब राहायचं. शेवटच्या भेटीत मी उठायला निघालो तर म्हणाली, "मी अजून एक चक्कर मारते. तू जाय."

परवा मी पुन्हा गोंडपिपरीला गेलो होतो. शेजारच्या घरी म्हातारी आजारी आहे, त्यांनी भाऊजींकडं पलंग मागितला होता. भाऊजींनी पुढच्या खोलीतला आपला पलंग देऊन टाकला आणि स्वतः खाली गादी घालून झोपू लागले. मी म्हणालो, "तो मागचा रिकामाच आहे ना भाऊजी." ते मला मागच्या खोलीत घेऊन गेले. पायथ्याच्या आडव्या दांड्यावर बोट ठेवलं. सगळ्या पलंगाला हिरवा रंग आहे. दांड्यावर उजव्या बाजूला, टाचेच्या नि तळव्याच्या मापाएवढा रंग उडून खालचं लोखंड उघडं पडलं आहे, घासून गुळगुळीत, चकचकीत. रोज दुपारी तिथं, ब्रेकवर असावा तसा, तिचा पाय दाबायचा आणि हळूहळू उठायचा, हे मी शेजारी बसून कधी पाहिलंच नव्हतं. मी तिच्या हातांकडं पाहत होतो.

"हा नाई देत," भाऊजी म्हणाले. त्यांनी पडदा ओढून घेतला. मग खोलीत आम्ही दोघं बसून राहिलो, ते पलंगाच्या एका बाजूला आणि मी दुसऱ्या, चहाचं कुणी विचारीपर्यंत.